चुना न धरणारा ढीग

या धाग्यावर लोक जे लिहितात ते मी गेली दोन वर्षं वाचतो आहे. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस, बंद खोलीतलं रडणं... खरं सांगतो, वाचून हसायचो. आमच्या घरात असलं काही कधी मानलं गेलं नाही. लिंगायत घर, गळ्यात लिंग, सकाळी पूजा, की लगेच दुकान. वडील म्हणायचे, मेलेली माणसं परत येत असती तर पहिला वाणी आला असता, उधारी मागायला. त्यामुळं भूत, भानामती, करणी — काही नाही. आजही नाही.

आणि मी सांगतोय त्यात मेलेलं कुणी नाहीच, हे आधीच सांगून टाकतो. रात्रही नाही. जे झालं ते वैशाखात, भर उन्हात, पंधरा-वीस माणसांसमोर झालं. तरी काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसरं असं की, हे सांगायचं तर मला माझं वागणंही सांगावं लागणार. पंचवीस वर्षं गप्प होतो ते त्याच्यामुळं. बायकोला माहीत नाही. मुलीनं मराठी टाइप करायला शिकवलं तेव्हा तिला वाटलं बाबांना भजनं लिहायची आहेत.

असो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघून दीड-दोन वर्षं झाली असतील. जिकडं बघावं तिकडं कामं निघालेली — कचेऱ्या, क्वार्टर, रस्ते. आणि नेमका त्याच काळात पावसानं दगा दिला. शेतात काही नाही, विहिरी तळाला, आणि रस्त्यावर काम पाहिजे तेवढं. गुत्तेदारांना — आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टरला गुत्तेदारच म्हणतात — असे दिवस परत येणार नव्हते. माणूस स्वस्त होता. पाणी महाग होतं.

मी उदगीरचा. बारावीला दोनदा बसलो, दोनदा आपटलो. वडिलांच्या ओळखीतल्या एका गुत्तेदारानं मला मुनशी म्हणून ठेवून घेतलं. वय बावीस. उदगीरहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण होतं आणि आमचा मुक्काम नळेगावच्या अलीकडं एका माळावर. मजूर मला अप्पा म्हणायचे. बापाच्या वयाची माणसंही. ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

काम कसं चालायचं ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवरा-बायको मिळून खडी फोडायची. नवरा घणानं मोठा दगड फोडणार, बायको हातोडीनं त्याची खडी करणार. प्रत्येक जोडप्याचा ढीग वेगळा. पंधरा दिवसांनी मी मोजमाप करायचं. त्यासाठी लाकडाची एक बिनबुडाची पेटी होती. ती जमिनीवर ठेवायची, घमेल्यानं खडी भरायची, काठोकाठ झाली की पेटी वर उचलायची. खाली चौकोनी ढिगारा राहतो. ती एक पेटी. अशा जितक्या पेट्या भरतील तितके पैसे. मोजून झालं की त्या ढिगावर चुना मारायचा, म्हणजे तोच ढीग कुणी दुसऱ्यांदा मोजायला लावू नये. पांढरा ढीग गुत्तेदाराचा, काळा ढीग मजुराचा. माळावर हाच कायदा. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं, माझ्या वहीवर कुणाचा भरवसा नव्हता, पण चुन्यावर होता. चुना पडला म्हणजे पैसे मिळाले. कधी भांडण झालं नाही.

त्या टोळीत धुरपता आणि किशन हे जोडपं होतं. लोहा तालुक्यातलं, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं. येताना गुत्तेदाराकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत जाता येत नव्हतं. किशन उंच, कमी बोलणारा. धुरपता तिशीची असेल, बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून बसायची आणि दिवसभर तिची हातोडी चालायची. बोलायची पण भरपूर. एकदा मला म्हणाली, "अप्पा, तुमच्या लग्नात माझ्या हातची खडी अंथरा मांडवात. मऊ लागंल बगा नवरीला." सगळे हसले होते.

माळावर किराणाचं दुकान गुत्तेदाराच्या मेव्हण्याचं. जवारी, तेल, मीठ, सगळं खात्यावर. त्या साली पाण्याची घागरसुद्धा खात्यावर. एके दिवशी गुत्तेदारानं मला जीपजवळ बोलावलं.

"शिवा, मोजमाप जरा लांबव."

"किती लांबवू मालक?"

"मी सांगीन तवर. पैसा हातात पडला की ही मंडळी पहिल्या एसटीनं गावाकडं. खातं चढू दे."

मी लांबवलं. पंधराचे तीस दिवस झाले, तीसचे पंचेचाळीस. कुणी विचारलं की म्हणायचो, इंजिनेर साहेबांची सही यायचीय. सही-बिही काही नव्हती.

त्यातच किशनच्या उजव्या डोळ्यात दगडाची कपची गेली. पहिल्या दिवशी नुसतं लाल. तिसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला, पू यायला लागला. धुरपता माझ्या तंबूपाशी आली.

"अप्पा, तेवढा मपला ढीग मोजा. नांदेडला नेते ह्यांना. तिथं डोळ्याचा डॉक्टर हाय म्हणं."

"उद्या मोजतो."

"उंद्या नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी परत तेच. त्याच्या पुढच्या दिवशी परत. अशी सहा दिवस आली. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "तुमी नुसतं म्हणून राहिले अप्पा. शपथ घ्या." मी शर्टाच्या आत हात घालून गळ्यातलं लिंग धरलं आणि म्हणालो, "ह्याची शपथ. उद्या मोजतो." आमच्यात ही शपथ थट्टेतसुद्धा घेत नाहीत. मी घेतली, कारण मला जेवायला उशीर होत होता.

सातव्या दिवशी सकाळी गुत्तेदार आला तो घाबरा होऊनच. मागच्या बिलात त्यानं माळावर नव्हते इतके ढीग दाखवून पैसे उचलले होते आणि इंजिनेर साहेब दुसऱ्या दिवशी चार वाजता पांढरे ढीग मोजायला येणार होते. एक मोठा ढीग कमी पडत होता. त्यानं माळावर नजर फिरवली.

"तो कुणाचा?"

"लोह्याकडच्या बाईचा. मोजायचा आहे."

"चुना मार त्याच्यावर."

"मालक, तिचा नवरा..."

"नोकरी करायची का दुकानात बापाजवळ पुड्या बांधायच्या?"

धुरपता तेव्हा जागेवर नव्हती. गावात एक बाळंतीण होती, तिचं दूध मागायला गेली होती. डोळ्यात घालतात ना, ते. मी पोतं घेतलं आणि चुना मारला. पाच मिनिटांचं काम. टोळीतली माणसं बघत होती. हातोड्या थांबल्या, परत चालू झाल्या.

ती आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती, वर पदर धरलेला. ढीग पांढरा बघून तिचा चेहरा एकदम फुलला.

"मोजला व्हय अप्पा? मी नसताना? बरं केलं बगा. किती भरल्या?"

"कुठला मोजला?"

"ह्यो. मपला."

"हा तुझा कुठला? हा मागच्या मोजमापातला. उचलीत वळता झालेला."

ती हसली. खरंच हसली. "काय थट्टा करून राहिले अप्पा. सकाळी काळा व्हता की."

"चुना दिसतोय का नाही?"

"दिसतोय."

"मग झालं तर."

तेव्हा तिला कळलं. ती टोळीतल्या म्हाताऱ्याकडं वळली. संभामामा त्याचं नाव, सगळे त्याचं ऐकायचे.

"मामा, सांगा की ह्यास्नी. म्या फोडली न्हाई का हितं बसून? तुमी तर म्होरंच व्हता."

संभामामानं ढिगाकडं पाहिलं, मग जीपकडं. "चुना हाय बाई त्याच्यावर."

"आवं पर तुमी रोज बगत व्हता ना?"

"बगत व्हतो. पर चुना हाय म्हणल्यावर म्या काय सांगू?"

ती माझ्याकडं वळली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, शाप तर मुळीच नाही. या धाग्यावर शाप फार असतात, म्हणून सांगतो. ती एवढंच म्हणाली, "मंग दीड महिना म्या हितं काय केलं, अप्पा?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? झोपली असशील."

मेव्हणा दुकानातून हसला. त्याचं बघून अजून दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तिनं वाटी सांडू दिली नाही. किशनचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यात दोन थेंब सोडले, उरलेलं परत झाकून ठेवलं. मग दुकानापुढं जाऊन पायातले चांदीचे तोडे काढून दिले, तेव्हा कुठं मेव्हण्यानं जायला परवानगी दिली. टोळीतल्या बायकांनी रुपाया-रुपाया गोळा करून तिच्या पदराला बांधला. चाकूरकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं दोघांना घेतलं. माझ्या शर्टाच्या खिशात वीस-बावीस रुपये होते. हात खिशापर्यंत गेलाही. गुत्तेदार बघत होता. मी रुमाल काढून तोंड पुसलं.

इथपर्यंत सगळं माणसांचंच आहे. आता पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तंबूतून बाहेर आलो तर तिचा ढीग काळा. चुना मारलेले बाकीचे सगळे पांढरे, हा एकच काळा कुळकुळीत. वाटलं, टोळीतल्या कुणीतरी राग काढला. पण खडीवरचा चुना पुसता येत नाही. तो फटीफटीत जातो. झटकला तर खाली पडतो. खाली जमीन स्वच्छ होती, काळी माती, चुन्याचा कणसुद्धा नाही.

मी परत मारला. माझ्या डोळ्यांनी ढीग पांढरा झालेला पाहिला. पोतं ठेवायला वळलो, दहा-बारा पावलं गेलो, आणि मागून संभामामाचा आवाज आला, "अप्पा, काळा झाला."

झाला होता.

गुत्तेदार आला, मला आईवरून शिव्या दिल्या, चुन्यात राख मिसळली का विचारलं. मी त्याच पोत्यातला चुना शेजारच्या ढिगावर टाकून दाखवला. तिथं बसला. मग म्हणाला, पाण्यात कालवून ओत. त्या दिवसांत पाण्याची एक बादली म्हणजे काय हे आता सांगून कळणार नाही, पण ओतली. दगड भिजला. पांढरं पाणी वरून खाली ओघळताना दिसलं. आणि वाळला तेव्हा काळाच वाळला. गुत्तेदारानं एक दगड उचलून अंगठ्यानं घासून पाहिला. मग म्हणाला, "मोज हा ढीग. मोजून पांढऱ्या ढिगात मिसळून टाक. चारच्या आत."

नजरेनं आठ पेट्यांचा ढीग. तासाभराचं काम. टोळीतल्या दोघी जावा घमेली भरायला घेतल्या. अकराला सुरू केलं. एक पेटी, दोन, तीन... मी मोठ्यानं मोजत होतो. पेटी उचलली की चौकोनी ढिगारा खाली राहत होता, त्याच्या शेजारी पुढची पेटी. आठ झाल्या. नऊ झाल्या. बारा झाल्यावर जावांमधली थोरली थांबली.

"अप्पा, ह्यो कमी होऊन न्हाई राहिला."

"भर गप."

"आवं बगा तरी."

मी पाहिलं. ढीग होता तेवढाच होता. थोरलीनं घमेलं खाली ठेवलं, धाकटीचा हात धरला. "आमी न्हाई अप्पा. खाडा लावा नायतर काय बी करा." आणि गेल्या.

मी भरत राहिलो. भीती वाटली का असं विचाराल तर नाही. राग आला होता. चार वाजता साहेब येणार, नोकरी जाणार, बाप हसणार... तेरा, चौदा, पंधरा. तळहाताला फोड आले, फुटले, घमेल्याची कड ओली लागायला लागली. वीसच्या पुढं कधीतरी आजूबाजूचं दिसेनासं झालं. आणि मग एक फार विचित्र गोष्ट झाली, ती नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. मला थांबावंसं वाटत नव्हतं — नाही, चुकीचं लिहिलं. थांबायची हिंमत होत नव्हती. डोक्यात एकच बसलं होतं, की हे मोजून संपलं नाही तर पैसे मिळणार नाहीत, आणि पैसे मिळाले नाहीत तर उशीर होईल. कसले पैसे, कशाला उशीर, हे आठवत नव्हतं. फक्त उशीर होतोय एवढं पोटात कळत होतं. मी रडत होतो म्हणे. मला ते माहीत नाही.

एक्केचाळीसला हात आपोआप सुटले. जीपचा हॉर्न वाजला. चार वाजले होते.

इंजिनेर साहेब माझ्यासमोर उभे होते. "हा काळा ढीग कुणाचा?"

"मोजतोय साहेब. एक्केचाळीस भरल्या."

साहेब माझ्या मागं बघायला लागले. मीही वळलो. मागं काही नव्हतं. एकही चौकोनी ढिगारा नाही, खडीचा एक दगड नाही, सकाळी झाडल्यासारखी मोकळी माती. ढीग जागच्या जागी. पेटी रिकामी.

"सकाळपासून मोजतोय साहेब," मी म्हणालो. "मग मी दिवसभर इथं काय केलं?"

कुणी हसलं नाही.

त्या दोघी जावांनी नंतर शपथेवर सांगितलं की बारा पेट्या त्यांनी स्वतः भरल्या आणि खाली पडलेल्या पाहिल्या. संध्याकाळच्या आत त्या हिशोब सोडून निघून गेल्या. संभामामा लिंबाखाली बसून सगळं बघत होता. त्यानं उलटंच सांगितलं. "तुमी भरत व्हता अप्पा, उचलत व्हता. खाली काईच पडत नव्हतं. पयल्या पेटीपसून." मग पहिल्यापासून तो गप्प का बसला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काल बी गप्पच बसलो की."

ऊन लागलं म्हणाल तर लागलं असेल. मला दोन दिवस ताप होता. पण मग त्या बायकांना आणि संभामामाला कसं लागलं? आणि चुन्याला?

पंधरा दिवसांनी गुत्तेदारानं औशाहून दुसरा मुनशी आणून तोच ढीग मोजून घेतला. आठ पेट्या आणि वर थोडी. त्यानं चुना मारला, तो बसलाही. पैसे गुत्तेदारानं स्वतःच्या नावावर घेतले. मी त्यानंतर नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडली नाही. अजून दोन वर्षं तिथंच होतो, मोजमापं लांबवतच होतो. पुढं उदगीरला सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकलं. चांगलं चालतं.

आता शेवटचं.

मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शुगरमुळं लवकर. दोन दिवस डोळ्यावर पट्टी होती. पट्टी निघाल्यावर आठ दिवसांनी मी बँकेतून वीस हजार काढले, घरी सांगितलं की वसुलीला जातो, आणि लोह्याची एसटी धरली. गावाचं नाव उचलीच्या वहीतलं, विसरलो नव्हतो. लोह्याहून पुढं ऑटोनं. दुपारचा एक वाजला असेल. पत्र्याच्या खोलीपुढं बाजेवर एक म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. दोन्ही डोळे गेलेले.

मी म्हणालो, "राम राम. किशनराव का?"

त्याचे हात थांबले. "अप्पा हाव का?"

पंचवीस वर्षांनी, दोन शब्दांवरून.

मला बसायला सांगितलं. धुरपता रोजगार हमीच्या कामावर गेली होती, दिवस मावळायला येणार होती. त्यानं सगळं अगदी साध्या आवाजात सांगितलं. एक डोळा दगडानं गेला, दुसरा त्याच्या मागं. डॉक्टर म्हणाला होता, पाच-सहा दिवस आधी आणलं असतं तर खराब डोळा काढून चांगला वाचवला असता. मग धुरपता विष्णुपुरीच्या धरणावर कामाला गेली, लेकरं तिनंच मोठी केली. माझ्यावर राग आहे असं त्याच्या बोलण्यात कुठं दिसत नव्हतं. मग त्यानं विचारलं, "ढीग मोजला व्हता का मंग?"

"मोजला. आठ पेट्या."

"आठच?" त्यानं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "तिचं डोस्कं फिरलं व्हतं त्या येळंला, अप्पा. आमी नांदेडला पोचलो त्याच दिशी. दवाखान्याच्या वट्यावर बसलो व्हतो. सकाळी अकरा-बाराला तिनं मोजायला लागली. मोठ्यानं. एक, दोन, तीन... म्या म्हणलं, काय मोजून राहिली? बोलंना. मोजतच राहिली. लोकं बगाय लागली. पार एक्केचाळीसपतुर गेली, मंग गप्प झाली. चारचा भोंगा झाला तव्हा कुठं तरी." दोर त्याच्या हातात तसाच होता. "आन् अप्पा, तिला वीसाच्या म्होरं मोजता येत न्हाई. आजून बी येत न्हाई. म्या लई डाव इचारलं तिला. तिला काईच ध्यानात न्हाई."

मी त्याला माझ्याकडचं काही सांगितलं नाही.

पिशवीत हात घातला. वीस हजारांचं बंडल हाताला लागलं. आणि तिथं, त्या आंधळ्या माणसापुढं, मी त्यातून पाच हजार वेगळे काढले. सावकाश, नोटांचा आवाज होऊ नये म्हणून. विचार करून नाही केलं. हातानं केलं. ते त्याच्या हातात दिले आणि म्हणालो, "त्या ढिगाचे पैसे. व्याजासकट."

त्यानं नोटांवरून अंगठा फिरवला. "आठ पेट्याचे का एक्केचाळीसचे?"

"एक्केचाळीसचे."

"मंग बराबर." तो पहिल्यांदा हसला. "थांबा की अप्पा, ती यीलच. तुमच्या हातानं द्या तिला. लई बरं वाटंल."

मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडी पाचला होती. तेव्हा दोन वाजले होते.

तर असं आहे. चुना का बसला नाही, खडी कुठं गेली, नांदेडच्या ओट्यावर बसलेल्या बाईला माझा आकडा कसा कळला — मला काही माहीत नाही. डॉक्टर जावयाला आडून आडून विचारलं, मठातल्या स्वामींना विचारलं, उत्तर मिळालं नाही. इथं कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन.

उरलेल्या पंधरा हजारांबद्दल मात्र मला विचारू नका. ते दुकानाच्या कपाटात आहेत. लोह्याची एसटी रोज सकाळी सातला दुकानासमोरूनच जाते.